अण्णांनी काढलेला पत्रा

कडेगावातून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला भूपाल अण्णांचं सायलेन्सरचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रे, खाली खड्डा आणि खड्ड्यात अण्णा. त्यांना लागून माझं नंबरप्लेटचं आणि रेडियमचं दुकान. गाडी आधी त्यांच्याकडं जाते, मग माझ्याकडं येते. तिनं कसं बोलायचं ते अण्णा ठरवतात आणि तिच्या पाठीवर काय लिहायचं ते मी. त्यांचं काम गाडी मोडीत जाईपर्यंत टिकतं. माझं दोन पावसाळ्यांत सोलपटतं, आणि ‘आईची कृपा’मधली आई तेवढी उरते.

अण्णा मूळचे सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. घरची जमीन होती, पण भाऊ ऊस बघायचा आणि हे उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकत बांधावर बसायचे. शेवटी वडिलांनी कंटाळून सांगलीतल्या एका गॅरेजात सोडलं. तिथून लग्न होऊन सासुरवाडीच्या गावाला, म्हणजे कडेगावला आले आणि इथंच रुजले. साठीला टेकलेला, काटकुळा, पांढऱ्या बनियनचा माणूस. बनियन पांढरं असतं हे आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून म्हणतो.

या माणसाला एकच गोष्ट सोसत नाही. खडखड. एसटीत बसले की पहिल्यांदा तिकिटाची घडी करून खिडकीच्या काचेच्या फटीत सारणार. लग्नात जेवण सोडून उठतील, पण हॉलमधला वाजणारा पंखा बंद करून येतील. घरी गुणमालाकाकूंनी डब्यांच्या झाकणांखाली फडकी घालून ठेवलीत. काकू म्हणतात, “लग्नात माझ्या बांगड्यांकडं बघून ह्यांचं तोंड उतरलंवतं. मला वाटलं, सोनं कमी पडलं. नंतर कळलं, आवाज जास्त हुता.”

पिकअपच्या सायलेन्सरला मात्र तालुक्यात त्यांच्यासारखा हात नाही. ऊसवाले, द्राक्षवाले, टोमॅटोवाले, प्रत्येकानं आपापल्या सोयीनं हौदा मागं वाढवलेला असतो, खाली पट्ट्या मारलेल्या असतात, आणि कंपनीचा पाईप मग कशालातरी अडतो नाहीतर बांधाला घासतो. अण्णा खड्ड्यात उतरतात, जाड तार घेऊन ती गाडीच्या पोटाखालनं वळवत वळवत नेतात. इथं एक्सल चुकव, तिथं टाकी चुकव. ती वाकडी तार बाहेर काढली की तिच्या मापानं पाईपचे बाक कापतात आणि एकेक टाका मारत जोडतात. सगळं बसलं की इंजिन चालू करून पाईपच्या तोंडाला चिंधी दाबून धरायची आणि सांध्यासांध्याला कान लावायचा. कुठं फुसफुसलं तर परत वेल्डिंग. पोरं येतात, “अण्णा, वाघागत डरकाळी पायजे,” म्हणतात. अण्णा म्हणतात, “वाघ ठेवायला परवाना लागतो. म्हशीगत करून देतो. म्हसरू कसं, पोट भरल्यावर हुंकारतं, तसं.” आणि खरंच तसं करून देतात.

वेल्डिंगच्या आधी ते आणखी एक करतात. पाईपच्या दोन्ही टोकांनी फुंकर मारतात. आत मुंगी, कोळी, काही असेल तर बाहेर पडावं म्हणून. जैनाचं घर, हातात वेल्डिंगचं पिस्तूल; दोन्हीचा मेळ त्यांनी असा घातला होता. मी चिडवायचो, “अण्णा, मुंगीला आधी नोटीस देताय व्हय?” ते म्हणायचे, “तुला द्यायला पायजे. कामाच्या टायमाला बोलतोस.”

भाऊसो त्यांच्याकडं आला तो दिवाळीनंतर कधीतरी. आटपाडीकडचा धनगर. पाऊसकाळ सरला की ही माणसं मेंढरं घेऊन आमच्या उसाच्या पट्ट्यात उतरतात. तोड झालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि रान संपलं की पुढचं रान. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर असायचं, आता पिकअपमध्ये असतं. मेंढरं चालत येतात आणि भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं गाडीतून पुढं जातात. भाऊसोनं हौद्याचे दोन मजले केले होते. वर अंथरुणं, खाली कोकरांची जाळी.

“आवं अण्णा,” तो म्हणाला, “ह्या गाडीचा सगळा धूर जाळीत शिरतोय. कोकरं म्हाताऱ्यागत खोकत्यात. ऐकवत न्हाई.”

कोकरू खोकतं म्हटल्यावर अण्णांचं काळीज पाझरलं. हातातली दोन कामं बाजूला सारून त्यांनी भाऊसोची गाडी खड्ड्यावर घेतली. पाईप मागं न नेता मधूनच वळवून मागच्या चाकाच्या अलीकडं, बाजूला काढला, तोंड जमिनीकडं केलं. उभा, ट्रॅक्टरसारखा वर काढता आला असता, पण गाडीत पोरंबाळं चढणार, हात भाजायचा. धूर जाळीत गेला नाही. आवाज तर असा झाला, की भाऊसोची बायको रंगुबाई खाली बसून ऐकत राहिली.

एवढंच झालं, की कंपनीच्या सायलेन्सरखाली उष्णता अडवायला एक पत्रा असतो, तो नव्या वळणाला नीट बसेना. अण्णांनी कसाबसा बसवला. गाडी एक चक्कर मारून आली आणि पत्रा खडखडला. पट्टी बदलली, परत खडखडला. मग अण्णांनी तो काढला आणि भंगारात टाकला.

“नवा मापानं करून बसवतो,” ते म्हणाले. “इकडंच हाय की तुमी. सवडीनं या.”

“त्याच्याबिगार गाडी चालंना व्हय?” भाऊसोनं विचारलं.

“चालतीय की,” अण्णा म्हणाले.

भाऊसोनं नव्या पाईपवर भंडारा उधळला. इंजिन चालू झाल्यावर तो पाईपवरच करपला आणि दुकानभर हळद भाजल्याचा वास सुटला. सगळे हसले. भाऊसोचा पोरगा इंद्रजित तेवढ्यात माझ्याकडं येऊन गाडीच्या मागं स्वतःचं नाव टाकायला सांगत होता. “आबाला दिसाय नगं, खाली टाका बारीक,” म्हणाला. वीस-एकवीसचा असेल, मिसरूड पातळ आणि केस लांब. बापापासून बिडी लपवायचा, आणि ती लपलेली नाही हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात आमच्या दुकानांमागच्या रानात ऊस तुटला आणि तिथंच भाऊसोची मेंढरं बसायची ठरली. दुपारी गाडी रानात आली. रानभर वाळलेलं पाचट घोट्याएवढं साचलेलं. गाडीची बॅटरी कमजोर, बंद केली तर ढकलावी लागायची, म्हणून भाऊसोनं इंजिन चालूच ठेवलं आणि सामान उतरवायला लागला. धूर दिसला तेव्हा पहिल्यांदा आम्हाला वाटलं, कुणी पाचट पेटवलं. मग रंगुबाईचा आवाज आला.

आम्ही बादल्या घेऊन पळालो. भाऊसोनं गाडी ओढून रस्त्यावर काढली, पण तोवर ताडपत्री आणि वाकळा पेटल्या होत्या. जाळीची कडी तापून लाल झालेली. कोकरं काढली, पण सगळी निघाली नाहीत. त्यांचं ओरडणं थांबलं तेव्हा रानात फक्त पाचट तडतडत होतं.

आणि बांधावर इंद्रजित उभा होता. हातात बिडी.

भाऊसो चालत त्याच्याकडं गेला आणि त्याच्या थोबाडीत दिली. सगळ्या माणसांसमोर. “आबा, मी टाकली न्हाई! बगा की, हातातच हाय!” पोरगं ओरडलं. भाऊसोनं दुसरी दिली. माणसं म्हणाली, पोराची बिडी. रानाचा मालकही म्हणाला, पोराची बिडी. मीही तेच म्हणालो असेन. तशा वेळी माणूस समोर जे तयार मिळतं ते उचलतो. अण्णा माझ्या शेजारीच बादली धरून उभे होते. काही बोलले नाहीत. मला वाटलं, कोकरांमुळं.

इंद्रजित त्याच आठवड्यात गेला तो कोरेगावला. तिथं पाण्याचा टँकर चालवतो. बापाचा फोन त्यानं घेतला नाही, आणि बापानं दुसऱ्यांदा केला नाही.

अण्णांनी त्यानंतर पाईप बाजूला काढायचं बंद केलं. कुणी पत्रा काढा म्हटलं तर गाडीच परत पाठवायचे. आम्हाला वाटलं, वय झालं.

आता क्षमावाणीचं सांगायला पाहिजे. भाद्रपदात अण्णांचं पर्युषण असतं. दहा दिवस उपास, एकवेळचं जेवण, दुकानाला अर्धं शटर. ते संपलं की एक दिवस सगळ्यांना हात जोडून माफी मागायची. वर्षभरात जाणतेपणी, अजाणतेपणी तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. पूर्वी अण्णा त्या दिवशी गल्लीभर फिरायचे. माझ्याकडंही यायचे आणि मी त्यांचे जोडलेले हात धरून म्हणायचो, “अण्णा, उधारीवर नेलेलं रेडियम तेवढं सोडून बाकी सगळं माफ.” काकूंची माफी घरी मागायचे. काकू म्हणायच्या, “केली. पण परत बांगड्यांकडं तसं बघितलं तर उद्यापास्नं नवीन वरीस.”

मोबाईल आल्यावर ते सोपं झालं. कमळाच्या चित्राखाली मजकूर तयार येतो, तो सगळ्यांना पाठवायचा. आगीच्या पुढच्या भाद्रपदात अण्णांनी तो भाऊसोलाही पाठवला. त्याच्या पुढच्याही. भाऊसोला वाचता येत नाही. त्याची सून सोनम, थोरल्या पोराची बायको, वाचून दाखवते. तिकडून दोन जोडलेले हात यायचे.

यंदा तिसरं वर्ष. सकाळी अण्णा चष्मा कपाळावर चढवून मोबाईल बोटानं दाबत बसले होते. मी सवयीनं म्हणालो, “अण्णा, एका बोटात तीनशे माणसांची माफी! कुणाचं काय केलं ते तरी लिहावं. बिचाऱ्या माणसाला कळाय नको, आपून माफ काय केलं?”

दर वर्षीचाच विनोद होता. यंदा ते हसले नाहीत. मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाले, “तुझी गाडी रिकामी हाय का रं? आटपाडीकडं जायचं.”

रस्त्यात, विटा मागं टाकल्यावर, त्यांनी पाठीमागं बसून सगळं सांगितलं. त्या दिवशी गाडी जिथं उभी होती तिथं त्यांनी वाकून बघितलं होतं. पत्रा काढलेल्या पाईपखाली जमीन कोळशागत काळी पडली होती आणि तिथूनच वाऱ्याच्या दिशेनं आग पुढं गेली होती. इंद्रजित उभा होता ती बाजू वाऱ्याच्या अलीकडची. तिथलं पाचट तसंच पिवळं होतं.

“मग बोलला का न्हाई?” मी विचारलं.

“बोलणार हुतो. तेवढ्यात थोबाडीत बसली. मग वाटलं, आता बोललो तर चार माणसांत बापाचा हात खोटा पडंल.” मग म्हणाले, “पडू द्यायला पायजे हुता.”

मेंढरं पावसाळ्यात घरीच असतात, त्यामुळं भाऊसो वस्तीवरच होता. अण्णांना बघून त्याला एवढा आनंद झाला, की बाजेवरची वाकळ स्वतः झटकली. रंगुबाई चुलीपुढं होती. सोनमनं पाणी आणलं. अण्णांनी तांब्या हातात घेतला, पण प्यायले नाहीत. उभ्यानंच सुरुवात केली.

“भाऊसो, तुमच्या गाडीची आग पोराच्या बिडीनं लागली न्हाई. माझ्या पाईपनं लागली. खालचा पत्रा मी काढलावता.”

भाऊसो त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

“अण्णा,” तो म्हणाला, “आज तुमचा त्यो दिवस हाय न्हवं? माफीचा?”

“हाय.”

“सोनम वाचती की दरसाली. आमाला वाटायचं, ह्या देवमानसानं आमचं काय वाकडं केलंय म्हनून ह्यो माफी मागतोय? आता कळलं. तुमच्या धर्मात दुसऱ्याचं पापबी आपल्या अंगावर घेत्यात. पन अण्णा, पोराचं पाप पोराला ऱ्हाऊ द्या. तुमी कशाला?”

“आवं, तसं न्हाई हो! खरंच पत्रा मी—”

“तुमी मुंगीसाठी पाईपात फुंकर मारताय. म्या ह्या डोळ्यानं बगितलंय. तुमच्या हातनं कोकरं मरत्यात व्हय?”

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, अण्णा म्हणतात ते खरं आहे. भाऊसोनं माझ्या पाठीवर थाप मारली. “तूबी चांगल्या संगतीत हायस गड्या.” आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी गंभीरपणे बोललो होतो, त्याचं हे झालं.

अण्णांनी खाली बसून मातीत बोटानं गाडी काढून दाखवली. पाईप इथनं असा, पत्रा इथं, वारा इकडनं. भाऊसो प्रेमानं मान हलवत होता, पोरानं शाळेतलं काही दाखवावं तशी. “बरं, केलं माफ. झालं समाधान? आता च्या घ्या.”

रंगुबाई चुलीपुढून उठून आली होती. मातीतली रेघ तिनं नीट बघितली.

“वाजत हुता म्हून काढला त्यो पत्रा?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“आन आग इजवायला तुमी हुता की. बांधावर. आमच्या पोराच्या तोंडात बसली तवा.”

“हुतो.”

“तवा ठावं हुतं?”

“हुतं,” अण्णा म्हणाले.

ती आत गेली. सोनमच्या हातातून फोन घेऊन आली, कानाला लावला. “इंद्रा, आई बोलतीया. कडेगावचं सायलेन्सरवालं अण्णा आल्यात. त्येंचं ऐक.” आणि फोन अण्णांच्या हातात दिला.

पलीकडून टँकरचं इंजिन ऐकू येत होतं. अण्णांनी परत सगळं सांगितलं. पत्रा, पाईप, पिवळं पाचट. इंद्रजितनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्याचा आवाज आला, मलाही ऐकू येण्याएवढा.

“अण्णा, ती माजी बिडी न्हवती हे मला म्हायतीच हाय की. मला कशापायी सांगताय? आबाला पटलं का?”

अण्णांनी भाऊसोकडं बघितलं. तो चहाच्या कपबशा मांडत होता.

“न्हाई,” अण्णा म्हणाले.

“मग ऱ्हाऊ द्या. गाडी भरायलीय माजी.”

फोन बंद झाला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी रंगुबाईला परत दिला.

चहा झाला. म्हणजे माझा झाला, अण्णांच्या कपावर साय धरली. निघताना भाऊसो आम्हाला दारातल्या पिकअपपाशी घेऊन गेला. हौदा नवा केला होता, मागची फळी तेवढी जुनीच. मागच्या फळीवर खालच्या कोपऱ्यात मी टाकलेल्या नावातलं अर्धं अक्षर शिल्लक होतं, बाकीचं जळालं होतं की कुणी खरवडलं होतं ते कळत नव्हतं.

“दिवाळी झाली की आमी खाली उतरनार,” भाऊसो म्हणाला. “ह्यो पाईप कुन्या पोरानं बसवलाय, परत धूर आत येतोय. औंदा तुमच्याकडंच करायचा, अण्णा. दुसऱ्याच्या हाताला गाडी देनार न्हाई मी.”

अण्णांचा चेहरा मला बघवला नाही.

“न्हाई,” रंगुबाई मागून म्हणाली. “ह्येंच्याकडं न्हाई.”

“आगं, दारात आलेला मानूस—”

“दारात आलं म्हून च्या दिला. गाडी न्हाई द्यायची.”

भाऊसो ओशाळला. “मनावर घिऊ नगा अण्णा. पोराची याद आली की अशीच करती.” अण्णांनी तिच्याकडं वळून हात जोडले. तिनं जोडले नाहीत. शेरडांपुढं पाला टाकायला निघून गेली.

परत येताना भिवघाटात मी गाडी थांबवली. काकूंनी डबा दिला होता आणि दिवस कलला होता. दिवस मावळल्यावर अण्णा खात नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. मी डबा काढून कठड्यावर ठेवला. “घ्या अण्णा, अजून हाय ऊन.”

ते कठड्यावर बसले. खाली खानापूरकडची रानं दिसत होती.

“त्या बाईनं ऐकलं रं,” ते म्हणाले. “एकटीनं.”

मी डबा त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. ऊन रानांवरून सरकत डोंगरावर गेलं, डोंगरावरूनही गेलं. मग अण्णांनी डबा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या मागं येऊन बसले.